रचना : घन, सांगाडा आणि कवच

आपल्या सभोवताली जे जे उभे आहे ते पडत का नाही, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पडल्यावर मात्र विचारतो. डोंगर, झाड, घर, पूल, पाण्याची टाकी या सर्वांना वजन आहे आणि पृथ्वी ते वजन अहोरात्र खाली ओढीत असते. शिवाय वारा ढकलतो, पाणी रेटते, क्वचित जमीनही हलते. एवढे सोसून जी वस्तू आपला आकार टिकवून धरते, तिच्या अंगी काहीतरी बांधणी असलीच पाहिजे. या बांधणीलाच रचना म्हणतात. थोडक्यात सांगायचे तर, अंगावर आलेला भार जमिनीपर्यंत सुखरूप पोचविण्याची वाट म्हणजे रचना.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. स्थापत्यशास्त्र हा काही माझा अभ्यासाचा विषय नव्हे. तरीही वार्षिकांकासाठी हाच विषय घ्यावासा वाटला, याला कारण आहे. माझे वडील लातूर जिल्ह्यातून नवी मुंबईत आले आणि गेली वीस-बावीस वर्षे इमारतींच्या सळया बांधण्याचे काम करीत आहेत. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातील मी पहिलीच. ग्रंथालयात या विषयावरची पुस्तके चाळताना माझ्या लक्षात आले की, पुस्तकात ज्याला मोठमोठी नावे आहेत, त्यातले बरेचसे आमच्या घरी जेवताना नावाशिवाय बोलले जाते. ही दोन्ही बोलणी एकत्र आणावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्द समजून घेतले पाहिजेत : दाब आणि ताण. विटेवर वीट ठेवली की खालच्या विटेवर दाब येतो. विहिरीतून घागर ओढताना दोराला ताण बसतो. दगड, वीट, काँक्रीट यांना दाब पुष्कळ सोसतो, पण ताण सोसत नाही. ओढले की ती तडकतात. दोराचे नेमके उलटे. त्याला कितीही ताणा, पण उभा करून त्यावर काही ठेवता येणार नाही. लाकूड आणि पोलाद यांना मात्र दोन्ही साधते. निसर्गाने आणि माणसाने ज्या रचना केल्या, त्या या दोन बळांचा हिशेब घालूनच केल्या. त्यांचे मुख्य प्रकार तीन : घन रचना, सांगाड्याची रचना आणि कवचाची रचना.

घन रचना

पदार्थावर पदार्थ रचून केवळ वजनाच्या जोरावर जी उभी राहते ती घन रचना. निसर्गातील तिचे मोठे उदाहरण आपल्याला खिडकीतून दिसते. नवी मुंबईच्या पाठीशी असलेला पारसिकचा डोंगर म्हणजे काळ्या दगडाची रासच. शेताच्या बांधावरचे वारूळ हेही घन रचनेचेच. कणाकणाने माती रचून मुंग्यांएवढ्या वाळव्या माणसाच्या उंचीचे घर उभारतात.

माणसाने बांधलेले किल्ले, तट, बुरूज, नदीचे घाट हे सारे याच जातीचे. आपला बेलापूरचा किल्ला आज पडका झाला आहे, पण त्याचे जे काही शिल्लक आहे ते जाड भिंतीच्या बळावर. धरणाचीही तीच गोष्ट. मोरबे धरणाचे पाणी आपण रोज पितो. त्या पाण्याचा रेटा धरणाचे वजन अडवून धरते. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात हादरले, त्याला तडे गेले. पण ते उभे राहिले आणि नंतर त्याला आणखी बळकटी देण्यात आली.

घन रचनेचे एक वेगळे रूप आपल्या महाराष्ट्रात विपुल आहे, ते म्हणजे लेणी. घारापुरीच्या लेण्यात गेल्यावर आपल्याला रांगेने खांब दिसतात, खांबांवर तुळया दिसतात आणि ही इमारतच आहे असा भास होतो. पण येथे कोणी खांब उभा केलेला नाही की तुळई चढविलेली नाही. डोंगर आतून कोरून काढला आणि जो उरला तो खांब झाला. पुढील काळात तेथील काही खांब तुटले, पण म्हणून वरचा डोंगर खाली आला नाही. तुटलेल्या खांबांची दुरुस्ती अलीकडच्या काळातली. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर याहून नवल आहे. तेथील दगडी कमानदार छताला आतून लाकडाच्या फासळ्या बसविल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या फासळ्या कसलाच भार वाहत नाहीत. त्या काळच्या लाकडी सभागृहांची सवय कारागिरांच्या डोळ्यांना होती, म्हणून दगडातही त्यांनी ते रूप आणले. तेव्हा दिसते ते आणि भार वाहते ते, ही दोन निरनिराळी असू शकतात, हे लेण्यांपासून शिकावे.

घन रचनेचे दोष तीन : ती जागा फार खाते, साहित्य फार खाते आणि भूकंपात घात करते. आमच्या जिल्ह्याला हा तिसरा दोष चांगलाच ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन करून माणसे झोपली असताना, किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घराच्या दगडांखाली गेली. तिकडच्या घरांच्या भिंती दीड-दोन हात रुंद. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये माती व दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे लांब दगड मध्ये घातलेले नसत. डोक्यावर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून ते जाड ठेवीत, आणि पावसात गळू लागले की त्यावर आणखी माती टाकीत. जमीन आडवी हलली, भिंतींचे थर एकमेकांपासून सुटले आणि एवढे ओझे खाली आले.

पण आजी सांगते ती गोष्ट येथे महत्त्वाची आहे. तिच्या माहेरचे घर जुन्या पद्धतीचे, खणांचे होते. त्याचे माळवद भिंतीवर नव्हे, तर सागवानी खांबांवर आणि तुळयांवर टेकले होते. भिंती बाहेरच्या बाजूला ढासळल्या, पण माळवद जागच्या जागी राहिले आणि आतली माणसे वाचली. त्या भूकंपात अशी आणखीही घरे वाचल्याची नोंद आहे. आजीच्या घराने त्या पहाटे दुसऱ्या प्रकारच्या रचनेचा धडा दिला असे म्हणावयास हरकत नाही.

सांगाड्याची रचना

थोड्या साहित्यात, लांब लांब काड्यांची जुळणी करून भार वाहणारी रचना म्हणजे सांगाडा. आपल्या देहातच ती आहे. प्रौढ माणसाची २०६ हाडे मांस, रक्त, आतडी असा सगळा पसारा उभा धरतात. झाडाच्या पानाला उजेडासमोर धरा. मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, हा पानाचा सांगाडाच आहे. कोळ्याचे जाळे हाही सांगाडा, पण त्यात सगळा ताणच ताण. दाब सोसणारा एकही धागा नाही.

सांगाड्याचे मर्म सांध्यात आहे. हे घरच्या घरी पडताळून पाहता येईल. चार काड्या टोकांना दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला हलकेच ढकला. चौकोन लगेच तिरका होतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करून ढकला. काडी मोडेपर्यंत तो आकार सोडणार नाही. म्हणूनच विजेचे मनोरे आणि रेल्वेचे जुने लोखंडी पूल यांच्यात आपल्याला जिकडेतिकडे त्रिकोण दिसतात. चौकोनच ठेवावयाचा असेल, तर त्याचे कोपरे घट्ट बांधावे लागतात.

आपल्या शहरातील बहुतेक इमारती म्हणजे असे घट्ट कोपऱ्यांचे चौकोन होत. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या भातशेतीवर व मिठागरांवर नवे शहर उभे राहिले, ते मुख्यतः काँक्रीट आणि सळई यांच्या सांगाड्यावर. स्लॅबचे वजन बीमवर, बीमचे कॉलमवर, कॉलमचे पायावर आणि पायाचे जमिनीवर, अशी भाराची वाट आहे. मधल्या विटांच्या भिंती फक्त आडोसा करतात.

काँक्रीटला ताण सोसत नाही हे वर सांगितलेच. बीमवर भार आला की तो किंचित वाकतो. त्याचा वरचा भाग दबतो आणि खालचा भाग ताणला जातो. म्हणून मुख्य सळया खालच्या अंगाला घालतात. पण सज्जा किंवा गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते. तेथे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळया वर घालाव्या लागतात. सुट्टीत वडिलांचा डबा घेऊन गेले असता मी पाहिले आहे, की सज्जाच्या सळयांवर कोणी पाय दिला तर ते एरवी कधी बोलणार नाहीत इतक्या जोरात ओरडतात. "सळई दबून खाली गेली, की उद्या सज्जाबी खाली आला म्हणून समज," असे ते नव्या पोरांना सांगतात. पुस्तकात हाच मुद्दा आकृत्या काढून दोन पानांत समजावलेला आहे.

कॉलमच्या उभ्या सळयांना ठरावीक अंतरावर चौकोनी रिंगा बांधतात. उभ्या सळया दाबाने बाहेर फुगू नयेत आणि आतले काँक्रीट फुटून पसरू नये, हे रिंगांचे काम. सांध्याजवळ त्या अधिक दाट बांधाव्या लागतात, कारण भूकंपात मोठा ताण तेथेच येतो. रिंग न् रिंग तारेने पिळून बांधणे हे वेळखाऊ काम आहे आणि घाई झाली की पहिली चोरी येथेच होते. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपात अहमदाबादसारख्या दूरच्या शहरातही काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकांचे तळमजले गाड्यांसाठी मोकळे सोडलेले होते. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खाली नुसते खांब, त्यामुळे सगळी हालचाल खांबांच्या वाट्याला आली. आपल्याकडेही असे मोकळे तळमजले जागोजागी आहेत. त्यांचे खांब विशेष मजबूत असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

नवी मुंबईच्या सांगाड्याला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खाडीची खारट हवा. काँक्रीटमधून खार आणि ओल आत शिरली, की सळईला गंज चढतो. गंजलेले लोखंड फुगते आणि आतून काँक्रीटला फोडते. ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ साली सुरू झाला, पण त्याच्या आतले पोलाद गंजू लागले आणि १९९७ साली शेजारी दुसरा पूल वाहतुकीस खुला करावा लागला. वाशीच्या जुन्या वसाहतींतील कित्येक इमारतीही याच दुखण्याने धोकादायक ठरल्या. यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे : सळई आणि साचा यांच्यामध्ये सिमेंटचे लहान ठोकळे ठेवणे, म्हणजे सळईभोवती काँक्रीटचे पुरेसे आवरण राहते. हा ठोकळा मुठीत मावतो, पण इमारतीचे आयुष्य त्याच्यावर अवलंबून असते.

याच खाडीकाठी तिवराचे झाड कसे उभे आहे, तेही पाहण्यासारखे आहे. मऊ चिखलात खोल मूळ रोवून आधार मिळत नाही, म्हणून ते आपली मुळे आडवी, दूरवर पसरते आणि श्वास घेण्यासाठी बोटांसारखी टोके वर काढते. मऊ जमिनीवर इमारत बांधताना अभियंतेही पाया असाच पसरट करतात, नाहीतर खांब चिखल ओलांडून पार खडकापर्यंत नेतात. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचा भार शेवटी असाच समुद्रतळाखाली पोचविलेला आहे.

कवचाची रचना

तिसरा प्रकार कवचाचा. यात भरीव गाभा नसतो आणि काड्यांची जुळणीही नसते. पातळ, वक्र पापुद्राच सगळा भार आपल्या अंगभर वाटून घेतो. अंडे, नारळाची करवंटी, गोगलगायीचा शंख, खेकड्याची पाठ, आपली कवटी ही निसर्गातील उदाहरणे. आपल्या स्वयंपाकघरातील माठ आणि हंडा हीसुद्धा कवचेच होत.

कवचाचे बळ त्याच्या आकारात असते. एक कोरा कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवा. तो मध्ये लोंबतो आणि पेन्सिलही पेलीत नाही. तोच कागद कमानीसारखा वाकवून दोन पुस्तकांच्या मध्ये घट्ट बसवा. आता तो पेन्सिल पेलतो. कागद तोच, वजन तेच, फक्त आकार बदलला.

विजापूरचा गोल घुमट १६५६ सालचा. त्याच्या घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि खाली मध्ये एकही खांब नाही. बुडाशी त्याची जाडी सुमारे तीन मीटर आहे. आता कोंबडीचे अंडे घ्या. त्याची रुंदी सुमारे ४४ मिलिमीटर आणि कवचाची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. अंडे हजारपट मोठे करून गोल घुमटाएवढे केले, तर त्याची जाडी हातभरही भरणार नाही! घुमट बांधणाऱ्या कारागिरांची थोरवी यामुळे कमी होत नाही, कारण विटा आणि चुना यांना जे शक्य होते ते त्यांनी करून दाखविले. पण पिल्लाला आतून फोडता यावे इतके पातळ आणि कोंबडीला वर बसता यावे इतके बळकट असे घर बांधणे निसर्गालाच जमले.

कवचाचा दोष असा की, पसरलेला भार ते सहज सोसते, पण एकाच बिंदूवर आलेला आघात त्याला सोसत नाही. मुठीत सारखा दाबलेला अंडा सहसा फुटत नाही. चमच्याच्या एका टिचकीने फुटतो.

मिश्र रचना

निसर्ग आणि माणूस दोघेही या तिन्हींची सरमिसळ करतात. आपल्या देहात मेंदूला कवच आहे आणि हातापायांना सांगाडा. कासवाच्या पाठीचे कवच तर त्याच्या फासळ्यांशीच जोडलेले असते. दिवाळे किंवा सारसोळे येथील कोळीबांधवांची लाकडी होडी आतून पाहिली, तर फळ्यांच्या कवचाला आतल्या बाजूने वाकड्या लाकडांच्या फासळ्या दिसतात. पाण्याचा रेटा फळ्या घेतात आणि फळ्यांचा आकार फासळ्या राखतात.

कधी कधी रूप एकाचे आणि काम दुसऱ्याचे असते. डिसेंबर २०२५ मध्ये वाहतूक सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या इमारतीला कमळाचे रूप दिले आहे. पण खऱ्या कमळाची पाकळी आपला भार आपणच पेलते, तर येथे पाकळीच्या आत पोलादाचा सांगाडा आहे. कार्ल्याच्या फासळ्यांची गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

आपले घर कोणत्या प्रकारचे?

हा प्रश्न मी माझ्या वर्गातील मैत्रिणींना विचारला, तेव्हा बहुतेकींना उत्तर देता आले नाही. गंमत म्हणून सोडून द्यावा असा हा प्रश्न नाही. घर सांगाड्याचे असेल, तर मधली भिंत काढता येईल, पण खांबाला किंवा बीमला हात लावता येणार नाही. घर भारवाही भिंतींचे असेल, तर तीच भिंत वरच्या मजल्याचा आधार असते आणि ती काढणे म्हणजे घर पाडणे. जुन्या गावठाणांत एका मजल्यासाठी बांधलेल्या भिंतींवर दुसरा आणि तिसरा मजला चढविलेला आपण पाहतो. वरचा भार वाढला, पण खालची वाट तेवढीच राहिली.

मी लहान असताना आम्ही काही महिने अशाच एका अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर राहत होतो. बांधकामावरच्या पुष्कळ कुटुंबांना असेच राहावे लागते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बांधकाम करणारे मजूर होते आणि त्यांची लहान मुलेही होती. ती बातमी वडिलांनी आईला वाचून दाखवायला सांगितली नव्हती, असे आई आजही म्हणते.

म्हणून काही साध्या खुणा सर्वांनी ओळखाव्यात. बीमच्या किंवा कॉलमच्या लांबीला धरून सरळ चीर जात असेल आणि तिच्यातून तांबूस डाग उतरत असतील, तर आत सळई गंजते आहे असे समजावे. छताला काठीने ठोकले असता पोकळ आवाज आला, तर आतला थर सुटला आहे. नुसता गिलावा करून रंग दिल्याने हे दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की खर्चावरून वाद होतो. अशा वेळी आपल्यासारख्या शिकलेल्या मुलामुलींनी उठून दोन शब्द सांगावेत, एवढी अपेक्षा करणे गैर होणार नाही.

शेवटी एक सांगून लेख पुरा करते. गवंड्याची भिंत दिसते, रंगाऱ्याचा रंग दिसतो. सळई बांधणाऱ्याचे काम मात्र काँक्रीट ओतले त्याच दिवशी कायमचे झाकले जाते आणि पुढे पन्नास वर्षे तेच भार वाहते. ते नीट झाले होते की नाही, हे पाहण्याची संधी काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या काही तासांतच असते. त्या काही तासांत तेथे जाणता अभियंता हजर असावा आणि सळई बांधणाऱ्याने "अजून रिंगा पुऱ्या झाल्या नाहीत, थांबा," असे म्हटले तर त्याचे ऐकले जावे. रचनेचे सगळे शास्त्र बरोबर असूनही इमारती पडतात, त्या पुष्कळदा असे थांबणे न झाल्यामुळे.

— द्वितीय वर्ष, कला